हात मागे

बालवर्गाच्या बाईंना उभं राहायचं तर दोन्ही हात पाठीमागे बांधूनच. घरी गॅसवर दूध तापत असलं तरी तशाच. नवरा विचारायचा, "काय साहेब, तपासणीला आलात का?" बाई हसून सोडून द्यायच्या. या सवयीमागे अठरा वर्षांचे बूट होते, आणि बुटांचं महत्त्व घरात कुणाला पटवत बसायचं!

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या सगळ्या मुलांना स्वतःच बूट घालायच्या. एकदा साडेचार वर्षांच्या एका महाशयांनी शेजाऱ्याशी गप्पा मारता मारता, बाईंकडे ढुंकूनही न बघता, पाय पुढे केला. बाईंनी बूट घातला खरा, पण डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कायदा काढला: बुटांच्या वेळी मोठ्यांचे हात मागे. त्यांचेही आणि वर्गातल्या मावशींचेही. तोंडाने सांगायचं हवं तितकं, हात लावायचा नाही.

बाकी दिवसभर त्यांचे हात कुठे रिकामे असतात? नाकं पुसा, रंगांच्या वाट्या धुवा, मातीचा गोळा कुणी तोंडात घातला तर काढा. "बाई, हा माझ्याकडे बघतो," अशी तक्रार आली की दोन्ही पक्षांचं ऐकून निकाल द्या. या वर्षीची सव्वीस पोरं म्हणजे अस्सल नग होती. पण एखाद्याचा पाय पहिल्यांदा आपणहून बुटात शिरला की ते पोर जे तोंड करून वर बघायचं, त्यासाठी बाईंनी आणखी अठरा वर्षं काढली असती.

अडचण वेळेची होती. वेळापत्रकात पावणेबारापर्यंत आकडे आणि बाराला सुट्टी. वर्ग बाहेर पडायचा सव्वाबाराला. नव्या मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, हे मुळीच खपलं नाही. त्यातून एका बस ड्रायव्हर वडिलांनी तक्रार केलेली: "माझी बस साडेबाराला सुटते. पोरीला घरी सोडून डेपो गाठू कधी?"

"शुक्रवारी मी स्वतः येते," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाराच्या ठोक्याला वर्ग दारात दिसला पाहिजे. नाहीतर सोमवारपासून मावशी बूट घालतील. सरळ हिशेब."

"दिसेल," बाई म्हणाल्या. आपल्या पोरांवर त्यांचा भारी भरवसा.

आठवडाभर सराव चालला. गुरुवारी पंचवीस जण बाराच्या आत तयार. राहिली ड्रायव्हरची मुलगी. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती चालायची मुंगीच्या पावलांनी आणि धरलेलं काम सोडायची नाही. इतरांच्या बुटांना चिकटपट्टी, हिच्या बुटांना बक्कल! बाईंनी खुर्चीच्या पायाला एक जुना पट्टा बांधून दिला होता. मुंगी मधल्या सुट्टीत त्या खुर्चीला बक्कल लावायची, काढायची, पुन्हा लावायची.

शुक्रवारी बाराला पाच कमी असताना पंचवीस जण रांगेत उभे होते. मुंगीचा एक बूट झाला होता. दुसऱ्याची पिन भोकाशी जायची आणि निसटायची. दारात मोठ्या बाई, त्यांच्या मागे खाकी गणवेशातले ड्रायव्हर. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग काय झालं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्या वाकल्या आणि त्यांनी तो पट्टा हातात धरला.

मुंगीने पाय मागे ओढून घेतला. मान वर न करताच ती म्हणाली, "बाई, हात मागे."

"हात मागे!" अख्खी रांग ओरडली.

बाईंचे कान तापले. अठरा वर्षांचा कायदा आणि मोडला कुणी, तर त्यांनीच! त्या सरळ झाल्या, हात मागे बांधले. लाज वाटत होती, आणि हसूही आवरत नव्हतं.

बाराची घंटा झाली. ड्रायव्हर पुढे सरसावले. "आण गं इकडे, मी लावतो."

"बाबा, तुम्हीपण."

ड्रायव्हरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप हात मागे घेतले. बारा वाजून चार मिनिटांनी पिन भोकात बसली. मुंगी उठून उभी राहिली. डावा बूट उजव्या पायात होता, उजवा डाव्यात. ड्रायव्हरांनी तोंड उघडलं, पण बाईंनी मान हलवली आणि त्यांनी ते मिटलं.

"घरी रोज मीच घालतो," ते बुटांकडे बघत म्हणाले. "मला वाटायचं, हिला जमतच नाही."

"चार मिनिटं उशीर झाला," मोठ्या बाई म्हणाल्या.

"झाला," बाई म्हणाल्या. सबब सांगायला त्या तयार नव्हत्या.

मोठ्या बाईंनी उलट्या बुटांकडे एकवार नीट पाहिलं. "आकडे साडेअकराला संपवा. पुढचा अर्धा तास बूट. वेळापत्रकात मी लिहिते."

सव्वीस जण बाहेर पडले. फाटकापर्यंत मुंगी उलट्या बुटांनी ऐटीत पुढे चालली होती. मागून तिच्याच चालीने ड्रायव्हर चालले होते. बस साडेबाराची होती, तरी त्यांचे हात अजून मागेच होते.