दहा दिवसांचा आकडा

आमच्या कार्यालयात एक शिस्त होती: आकडा लिहायचा नाही. 'लवकरच', 'यथावकाश', 'वाजवी कालावधीत' हे चालत असे. दिवसांचा आकडा लिहिला की ते दिवस कधीतरी संपतात आणि मग माणसं विचारायला येतात. ही शिस्त मी नव्या लोकांना शिकवत असे. निरोप समारंभात तिचं कौतुकही झालं. तेव्हा मिळालेली शाल मी अजून वापरतो, म्हणून हे लिहिणं जरा अवघड जातं आहे.

काम असं होतं. एका मोठ्या कंपनीने शहरभर इंटरनेटच्या तारा टाकल्या होत्या. त्याच तारा वापरून छोट्या धंदेवाल्यांनाही घरोघरी कनेक्शन देता यावं, असा नियम होता. कंपनी त्यांना कोणत्या अटींवर आत घेते, ते तपासणं आमच्याकडे. अटींचा गठ्ठा दोन माणसांनी उचलून आणला. तो कोणी वाचू नये याची कंपनीने पुरेपूर काळजी घेतली होती, आणि आम्ही तिला निराश केलं नाही.

एकाच माणसाने तो वाचला. कसबा पेठेत कनेक्शनं देणारा एक जण. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. सुनावणीला तो पानापानावर खुणा केलेली प्रत घेऊन आला. त्याची हरकत एकाच अटीवर होती. नवं कनेक्शन जोडण्याआधी कंपनीचा माणूस येऊन जागेची पाहणी करील, असं लिहिलं होतं. कधी येईल, ते लिहिलं नव्हतं.

"पाहणीला वेळ किती लागतो?" आमच्या साहेबांनी कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं.

"अर्धा तास," तो बिचारा खरं बोलून गेला.

साहेब नवीन होते, अजून मुरले नव्हते. त्यांनी मसुद्यात 'दहा दिवसांत' असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि मला दाखवलं.

"छान आहे," मी म्हणालो. "फक्त अकराव्या दिवशी तो आपल्या दारात उभा राहील. त्याला काय सांगायचं, तेही आत्ताच ठरवून ठेवू या."

साहेब विचारात पडले. मी कागद माझ्याकडे ओढला, 'दहा दिवसांत' खोडलं आणि वर लिहिलं, 'वाजवी कालावधीत'. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं आहे.

निकाल वाचून दाखवला तेव्हा कसब्यातला तो माणूस उभा राहिला. "साहेब, वाजवी म्हणजे कधी? गणपती बसायच्या आत, की उठल्यावर?"

सगळे हसले. मीही हसलो. निकाल साहेबांच्या सहीने गेला.

पाहणीला कोणी आलं नाही. त्याची गिऱ्हाइकं वाट पाहून थेट कंपनीकडे गेली. तिथे म्हणे पाहणी दुसऱ्याच दिवशी होई. शेवटी त्याने धंदा गुंडाळला आणि त्याच जिन्याखाली झेरॉक्सचं मशीन आणि लोकांचे फॉर्म भरून द्यायला एक कॉम्प्युटर ठेवला.

निवृत्त झाल्यावर मी वारज्यात राहायला गेलो, पण दर चतुर्थीला कसब्यात दर्शनाला जात असे. दुकानासमोरून जाताना तो हाक मारी. "या साहेब. अहो, तुम्ही भला माणूस. घात केला तो तुमच्या त्या साहेबाने. तुमच्या हातात असतं तर आकडा घातला असता तुम्ही." आणि दोन चहा सांगे.

"जाऊ द्या हो, जुनं झालं," मी म्हणे, आणि चहा पीत असे. साहेब बदली होऊन केव्हाच लांब गेले होते. इतक्या लांबून त्यांना शिव्या ऐकू येत नसणार, असं मी मनाला समजावी. चहा आल्याचा असे, आणि बरा असे.

या वर्षी त्या अटी पुन्हा तपासणीला निघाल्या. नागरिकांकडून सूचना मागवल्या, त्याही फक्त इंटरनेटवरून. माझं कनेक्शन त्याच कंपनीचं, आणि ते बंद पडलं होतं. तक्रार केली, तर मोबाइलवर उत्तर आलं: आमचा प्रतिनिधी वाजवी कालावधीत पाहणीस येईल.

मी कसब्यात गेलो.

"सूचना पाठवायची आहे," मी म्हणालो.

"बसा, बसा!" त्याने कीबोर्ड पुढे ओढला. "सोडू नका त्या साहेबाला."

मी सांगू लागलो. "मागील तपासणीत पाहणीसाठी दहा दिवसांची मुदत सुचवण्यात आली होती. ती..." इथे घरून तयार करून आणलेलं वाक्य 'काढण्यात आली' असं होतं. "ती मी काढली. साहेबांना ती ठेवायची होती. मी त्यांना भीती घातली."

त्याची बोटं थांबली नाहीत. वाक्य संपवून, स्क्रीनकडे बघतच तो म्हणाला, "पुढे?"

"मुदत दहा दिवसांची करावी."

"अर्ध्या तासाच्या कामाला दहा दिवस? दोन लिहितो."

"दोन लिहा."

"खाली काय घालू?"

"एक नागरिक."

आता त्याने मान वळवली. "वा! जन्मभर आकडा घातला नाहीत, आता नाव तरी घाला."

मी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. त्याने सगळं एकदा मोठ्याने वाचलं, मागे रांगेत उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल असं, आणि पाठवून दिलं.

चहावाला डोकावला. "किती?"

"एक," तो म्हणाला.

तो चहा त्याने माझ्यासमोर सावकाश संपवला. मग पोच छापून माझ्या हातात दिली. "जपून ठेवा. विचारायला आता तुम्ही जायचं."

तसा मी जातो. बाकावर बसतो. पोच बघून तिथला कारकून नम्रपणे म्हणतो, "यथावकाश होईल, सर." त्याला मीच तयार केलं होतं, पोरगा हुशार आहे. परतताना कसब्यात थांबून काय उत्तर मिळालं ते सांगतो. तो ऐकून घेतो. चहा अजून एकच येतो.