बाल्कनीतलं पान

आमच्या शेजारच्या मालनमावशींना कुणी कठोर म्हटलं तर त्याची माझ्याशी गाठ आहे, आधीच सांगून ठेवते.

हैदराबादला जामबागेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात कधी अंडंसुद्धा फुटलं नाही. हिम्मतरावकाका मटणाचे भारी शौकीन. पण मटण शिजायचं बाल्कनीत, वेगळ्या शेगडीवर, आणि काका जेवायचेही तिथंच, वेगळ्या ताटात. ना मावशींना त्यात काही वाटायचं, ना काकांना. त्या घरची रीतच ती.

मुलगा संदेश आईवर गेलेला, शाकाहारी. त्यानं ईशाशी लग्न केलं तेव्हा तिच्या जातीवरून घरात रामायण झालं, मावशींनी बोलणं टाकलं. पुढे काका गेले, घर खायला उठलं, आणि एक दिवस मावशी माझ्या दारात. "राणी, ईशाला काय आवडतं गं?"

"डुकराच्या बरगड्या," मी म्हटलं. वाटलं, आता किंचाळणार.

"मग त्याच करायच्या. दोघांना जेवायला बोलावलंय. ती माझ्या हातचं पोटभर जेवली, तर येत राहील गं. नाहीतर माझं कोण आहे आता?"

हाय अल्ला! जन्मात मांसाला न शिवलेली बाई! कोठीच्या बाजारातून एअर फ्रायर आणून बाल्कनीत मांडला. बरगड्या मी आणल्या, पण धुतल्या त्यांनीच, नाकाला पदर लावून. आलं-लसूण, काळा मसाला, लिंबू, चिमूटभर गूळ चोळून मुरवल्या. पहिल्या खेपेला चरबी गळून असा धूर झाला की रस्त्यावरचे लोक वर बघायला लागले. "हल्लू मावशी, खाली थोडं पाणी घाला!" मी ओरडले. दुसरी खेप मात्र अशी खरपूस झाली, मांस हाडावरून आपसूक सुटत होतं. "आवडेल ना गं तिला?" असं मला विचारून विचारून परेशान केलं.

दोघं आले. ईशा पाया पडली, मावशींनी तिला पोटाशी धरलं. मी तर रडलेच.

"चल पोरी, तुझं पान बाल्कनीत मांडलंय."

तेव्हा मी ते पान पाहिलं. पाट, नवीकोरी थाळी, वेगळा पेला, भोवती हौसेनं काढलेली रांगोळी. आणि संदेशचं ताट आत, टेबलावर.

ईशा दारात थबकली. भांडली नाही. पाटावर बसली, अर्धी बरगडी खाल्ली, "छान झाल्यात, आई," म्हणाली, आणि घास तोंडात असतानाच तिला रडू फुटलं.

"आई, तिच्या आजीला गावात असंच बाहेर वाढायचे," संदेश म्हणाला.

"अरे, तुझ्या बाबांनाही मी जन्मभर असंच वाढलं!"

"बाबा जेवून आत येत होते. तिच्या आजीला आत कुणी घेतलं नाही."

तो ईशाचा हात धरून निघाला. मावशी जिन्यात हाका मारत राहिल्या. काळीज फाटलं माझं. कुणाला बोल लावायचा, सांगा!

मावशी वर आल्या त्या थेट ईशाच्या पाटावर बसल्या. तिची अर्धी उरलेली बरगडी उचलली आणि तोंडात घातली. उमासा आला, डोळे गच्च मिटले, पण घास गिळला.

"फोन लाव. सांग तिला, मी तिच्या ताटात जेवले."

मी लावला. वाजून वाजून बंद झाला.

मावशींनी दुसरी बरगडी उचलली. "परत लाव."