मावशीचं उसनं कार्ड

मावशीच्या घरातली कुठलीही वस्तू मावशीच्या घरात नसायची. कोयता शेजारणीकडे, पाटा पलीकडच्या पाड्यावर, आणि भर पावसाळ्यात इरलं भलत्याच कुणाच्या तरी डोक्यावर. ती स्वतः भिजत यायची. विचारलं तर म्हणायची, "घरात ठेवलं की गंजतं." इरलं गंजत नाही, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

जव्हारच्या एका खासगी हॉस्पिटलात मी विमा योजनेच्या काउंटरवर बसते. मावशी जामसरकडच्या पाड्यावरून यायची आणि फाटकाशी रानभाज्या मांडायची. ऊन चढलं की आत माझ्यासमोरच्या बाकावर. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी. "बाय, तू मराठी बोलतेस का काट्यातनं चालतेस?" असं ती सगळ्यांसमोर विचारायची. लोक हसायचे. मीही हसायचे, जरा उशिराने.

तिचं कार्ड मीच काढलं. मशीन तिचा अंगठा घेईना. गवत उपटून आणि विटा उचलून त्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. तो उजेडात धरून ती म्हणाली, "भांडं असतं तर कल्हई केली असती." शेवटी फोटोवर भागवलं. मग तिने विचारलं, विमा म्हणजे काय. कंपनीच्या साहेबांनी आम्हाला शिकवलेलं वाक्य मी म्हणून दाखवलं: सगळ्यांनी मिळून एकाची अडचण निभावायची.

"हां," ती म्हणाली. "म्हणजे इरलं."

त्याच वर्षी तिची धाकटी जाऊ वीटभट्टीवरून परत आली ती आजाराने पोट फुगलेलं घेऊन. कार्डांचं शिबिर झालं तेव्हा ती भट्टीवर होती, म्हणून यादीत नव्हती. नाव चढायला महिने लागणार होते. मावशीने तिला आपलं कार्ड दिलं, कोयता द्यावा तसं. फोटोत मावशीच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. समोर उभ्या जावेची हनुवटी कोरी. मागून मावशी म्हणाली, "बघ नीट. मीच हाय ना ती?"

मी फोटो पाहिला, हनुवटी पाहिली आणि "हो" म्हटलं. त्या दिवशी तिने माझ्या मराठीला नावं ठेवली नाहीत.

जाऊ चौथ्या दिवशी गेली. कार्डावरच्या नावापुढे मला 'मृत' असं भरावं लागलं. कॉम्प्युटरने विचारलं, खात्री आहे का. मी आहे म्हटलं. मावशीने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "आजवर दिलेली वस्तू अशी धड कधी परत आली नाय."

वर्षभराने मावशीच्या गळ्यात गाठ आली. डॉक्टर म्हणाले, आत्ता ऑपरेशन केलं तर वाचेल. कार्डाशिवाय ते तिला परवडणारं नव्हतं. नाशिकच्या मोठ्या हॉस्पिटलातही कार्डच मागितलं, आणि कार्डावर ती मेलेली होती. मी कंपनीला फोन केला. तिथला माणूस फार अदबीने बोलला. म्हणाला, त्या वेळी दगावलेली बाई नक्की कोण, हे हॉस्पिटलने लिहून द्यावं. नाव लगेच पुन्हा चालू करू.

मॅनेजर म्हणाले, "लिहून दिलंस तर हॉस्पिटल योजनेतून जाईल आणि तू इथून. मग अख्ख्या तालुक्याने जायचं कुठे?" प्रश्न खरा होता. मी त्या प्रश्नाच्या आड बसून राहिले. मावशीला सांगितलं, कागद पाठवलाय.

ती दर बाजाराच्या दिवशी यायची. "काय गं बाय, झाले का जिवंत?" बाकावरचे लोक हसायचे. "अजून नाही, मावशी," मी म्हणायचे. शेवटच्या वेळी तिचा आवाज गेला होता. तिने तो गुळगुळीत अंगठा नुसता वर करून विचारलं. मी नाही अशी मान हलवली.

मावशी पाड्यावरच गेली. तिच्या मरणाची नोंद करायला काउंटरवर कुणी आलं नाही. ती मी आधीच केलेली होती.