शनिवारच्या आशाताई

आमच्या इस्लामपूरजवळच्या शाळेत दर शनिवारी गावच्या आरोग्यसेविका, आशाताई, मुलींशी बोलायला यायच्या. पाळी, गर्भ हे शब्द त्या भाजी-भाकरीच्या सुरात बोलायच्या. मी विज्ञानाचा शिक्षक, पण त्या आल्या की मैदानावर निघून जायचो. पुस्तकातला प्रजननाचा धडाही मुलांना घरी वाचायला सांगायचो.

मग नववीतल्या एका मुलीला दिवस गेले आणि तिची शाळा सुटली. पुढच्या शनिवारी ताईंनी मला दारातच अडवलं.

“सर, मैदान कुटं जात न्हाई. तुमीच पळाय लागला तर पोरींनी कुणाला इचारायचं?”

मी वर्गात थांबलो. एका मुलीनं भीत भीत पाळीबद्दल प्रश्न विचारला. ताईंनी खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः मुलींच्या बाकावर जाऊन बसल्या. मी अडखळत उत्तर दिलं.

ताई आता थकल्या, येत नाहीत. शनिवारी फार आठवतात. शाळा सुटलेल्या त्या मुलीचं नाव त्यांनी माझ्यासमोर एकदाही काढलं नाही.