शिंपीकाकांचा हळू बॉल

उमरीच्या टेनिस बॉलच्या सामन्यांत हल्ली इतक्या धावा निघतात, की बॉलर नुसता मार वाचवायला फलंदाजाच्या पायात जोरात बॉल फेकतात. आमचे शिंपीकाका मात्र अजून उंच, हळू फिरकी टाकतात. सिक्स बसला की मैदानाकडेच्या तुरीच्या शेतात शिरून बॉल स्वतःच हुडकून आणतात.

"काका, जोरात टाका की!" कॅप्टन ओरडतो.

"हाव," म्हणतात आणि पुन्हा हळूच टाकतात. मी पंच, म्हणून मला तेवढं सांगतात, "सिक्सचा लोभ धरल्याबिगर बॅटवाला चुकंल कसा?"

परवा त्यांनी गावाच्या लाडक्या फलंदाजाचा त्रिफळा उडवला.

"काका, लई मजा घालवली!" लोक चिडले.

काकांनी लोकांपुढं हात जोडले. ओव्हर संपल्यावर माझ्याकडून आपली टोपी घेताना हळूच विचारलं,

"बॉल कसा व्हता?"