मोठं इंजिन आणि मागची खिडकी

त्या आठवड्यात हळूदादांच्या पायाला भिंगरी लागली होती. चहाचा कप हातात घेऊन ते दुकानाच्या दारात जात, तिथून रिकाम्या शेडमध्ये, तिथून पुन्हा आत. चहा प्यायचा राहूनच जायचा आणि कप दुपारी काचा टेकवून ठेवायच्या लाकडी घोड्यामागे सापडायचा. काचा कापायच्या, गाडीतून न्यायच्या आणि लोकांच्या खिडक्यांत बसवायच्या, हा त्यांचा जन्माचा धंदा. त्यांची पिकअप रस्त्यावर आली की मागचे लोक हॉर्न वाजवून दमायचे आणि शेजारून जाताना म्हणायचे, "दादा, उतरून चाला, लवकर पोचाल." हात वर करून ते हे असं स्वीकारायचे, जणू टाळ्याच पडल्यात. अशा माणसाला येरझारा घालताना बघवत नव्हतं.

जुनी पिकअप भंगारात निघाली होती. शोरूममध्ये दोन नव्या गाड्या उभ्या होत्या, दिसायला अगदी जुळ्या बहिणी. एकीत लहान इंजिन, दुसरीत मोठं. शनिवारी नक्की सांगा, असं विक्रेत्याने बजावलं होतं.

मेव्हणा मेकॅनिक. त्याचं मत पक्कं होतं.

"दाजी, मोठं घ्या. इंजिन म्हणजे छाती. लहानगं चढावर धापा टाकणार आणि तुम्ही शेजारी बसून त्याला वारा घालणार."

"आणि बाजाराच्या बोळात ती छाती काढून जाऊ कुठं? उगाच डिझेल पीत बसायचं ते."

"मग लहान घ्या."

"टेकडीवरच्या काचा कोण नेणार?"

"काल हेच उलट्या बाजूनं बोलत होता तुम्ही."

बोलत होते खरे. खरी गोम त्यांनी कुणाला सांगितलीच नव्हती.

लग्न झाल्यापासून बायको गाडीत त्यांच्या शेजारी बसायची. केबिनची मागची सरकती खिडकी उघडायची, एक हात मागे घालायची आणि तळवा हौद्यातल्या उभ्या काचेवर टेकवायची. काच थरथरली की आरशात दिसायच्या आधी तिच्या तळव्याला कळायचं. "हळू," ती म्हणायची. दोरी सैल वाटली तर "थांबा." या दोन शब्दांवर अर्ध्या गावाच्या खिडक्या बसल्या, आणि दादांना नावही मिळालं ते त्यातल्याच एका शब्दामुळे.

मग टेकडीवरच्या दवाखान्याच्या काचा नेताना जुनं इंजिन ऐन चढावर बंद पडलं. गाडी मागे घसरली, ब्रेक लागला आणि काच फुटली. तिचा हात मागेच होता. तळव्याला टाके पडले. जखम भरली, पण त्यानंतर ती गाडीत बसली नाही. येत नाही, असं ती म्हणाली नाही. चल, असं हेही म्हणाले नाहीत.

म्हणून सगळं अडलं होतं. ती येणार असेल तर मोठंच इंजिन हवं, चढावर पुन्हा दगा नको. येणार नसेल तर लहान पुरे. मोठ्या काचा एकट्याने न्यायच्याच नाहीत, खालच्या बोळांतून आरसे लावत उरलेले दिवस काढायचे. एका प्रश्नाचं काम होतं. पण तो तळवा बघून, पुन्हा ठेव काचेवर, असं म्हणायचं कुठल्या तोंडानं?

शुक्रवारी दोन्ही गाड्या त्यांनी टेकडीवर चालवून बघितल्या. वजनाला मागे वाळूची पोती टाकली होती. लहान इंजिन कुरकुरत, पहिल्या गियरमध्ये कसंबसं चढलं. मोठं गुणगुणत गेलं. घरी आले तेव्हा बायको जुन्या वर्तमानपत्राने आरसा पुसत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"पोती?" तिचा हात थांबला.

"वजन काचेइतकंच होतं."

"वाळू कधी फुटलेली बघितलीत? तिला उलटं टांगलं तरी ती तक्रार करायची नाही. काचवाला माणूस पोती घेऊन चढाव बघायला गेला. बाहेर कुणाला सांगू नका."

ती हसली. गाडीच्या गोष्टीवर ती कित्येक महिन्यांनी हसत होती.

"रंग तरी बघायला चल उद्या," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"पांढराच असणार. त्यात काय बघायचं?"

पण सकाळी त्यांच्याआधी तीच चपला घालून दारात उभी होती.

शोरूममध्ये मेव्हण्याने बहिणीला थेट मोठ्या इंजिनाच्या गाडीत बसवलं. हळूदादा बाहेर या चाकापासून त्या चाकापर्यंत फेऱ्या मारत राहिले. ती टेकून बसली. तिने समोर बघितलं, आणि तिचा हात आपसूक मागे गेला.

टक्. बोटं काचेवर आपटली.

हळूदादा होते तिथेच थबकले.

"हे उघडत नाही?" तिने विचारलं.

"नाही ताई," विक्रेता म्हणाला. "मोठ्या इंजिनाच्या गाडीला मागची काच पक्की येते. सरकती खिडकी लहानात आहे."

"लहान घेऊ," हळूदादा म्हणाले. जन्मात कधी ते इतकं पटकन बोलले नव्हते.

मेव्हण्याने कपाळाला हात लावला. "दाजी, खिडकीसाठी इंजिन सोडताय?"

"आणि चढावर ढकलायला मी उतरू का?" ती आतून म्हणाली. "हीच घ्या. आयुष्यभर लोकांच्या खिडक्या बसवल्या, एक घरची बसवा. फक्त मागे काचांना टेकून लाकडी पट्टी ठोका. हात मी पट्टीवर ठेवीन. थरथर लाकडातूनही कळते."

हळूदादांनी मान हलवली. खिशातून टेप काढून ते गाडीच्या मागच्या हौद्यात चढले आणि त्यांनी केबिनच्या मागच्या काचेचं माप घ्यायला सुरुवात केली.

"काका, आधी गाडी तर घ्या," विक्रेता गडबडला. "मापं मग."

त्यांना ऐकूच गेलं नाही. टेपचं टोक दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा काचेवर खणकन वाजलं.

काचेपलीकडून, मागे वळून न बघता, ती म्हणाली, "हळू."