कापलेली कड

दादाच्या पोटावर, उजव्या बरगडीखाली, चिंचोक्याएवढे चार जुने डाग आहेत. ते दिले तेव्हा त्याचे पाय मी धरले होते.

तो बारा वर्षांचा होता, मी नऊ. त्याला कावीळ झाली म्हणून वडिलांनी आम्हाला धर्मापुरीकडच्या एका म्हाताऱ्याकडे नेलं. म्हातारा सळई तापवून पोटावर डाग द्यायचा. आमच्याकडे तेव्हा काविळीवर हाच इलाज. वडिलांनी खांदे धरले आणि मला पाय घट्ट धरायला सांगितले. मी धरले. पहिल्या चटक्याला दादाच्या टाचा माझ्या छातीत बसल्या. चौथ्याला त्यानं धडपड सोडून दिली, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. पुढे कावीळ उतरली. ती बऱ्याचदा आपोआपच उतरते, हे मला फार उशिरा कळलं.

मी शिकून माजलगावात शिक्षक झालो. दादा ऊसतोडीला जात राहिला. घरात कसलाही कागद आला तर वाचायचा मी, आणि मी बोट ठेवीन तिथे बाकीच्यांनी सही करायची, हा शिरस्ता पडला.

मग त्याच्या यकृतात कॅन्सरची गाठ निघाली. शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी सर्जननी आम्हा दोघांना बसवून सांगितलं की, गाठ काढल्यावर यकृताच्या कापलेल्या कडेला तिथल्या तिथे उष्णता देता येते. डोळ्यांना न दिसणारं काही मागे राहिलं असेल तर ते त्या उष्णतेनं मरतं, आणि आजार परत येण्याची शक्यता कमी होते. खात्री नाही, थोडा धोकाही आहे, पण त्यांच्या मते करून घ्यावं.

दादा म्हणाला, "मास्तरला इचारा. त्यो सांगंल तसं."

मी सर्जनच्या मागोमाग बाहेर गेलो आणि उष्णता नको म्हणालो. त्यांनी कारण विचारलं तेव्हा धोक्याचं बोललो, त्याच्या अशक्तपणाचं बोललो, शिकलेल्या माणसासारखं. खरं कारण सांगितलं नाही. मला त्या सळईचा वास आला होता. भूल दिलेली असते, त्याला काही कळणार नाही, हे मला समजत होतं. तरी त्याला पुन्हा डागायला माझ्या तोंडून हो निघेना. आत येऊन दादाला म्हणालो, सगळं ठरलं. मी बोट ठेवलं तिथे त्यानं सही केली.

वर्षभरात गाठ परत आली. बरोबर त्या कापलेल्या कडेवर.

पुन्हा कापण्याइतकं यकृत उरलं नव्हतं. गाठ लहान आहे तोवर बाहेरून सुई घालून ती जाळता येईल, असं सर्जन म्हणाले. दादानं त्यांना विचारलं, "मागं कड भाजणार व्हता ना? मग कावून फुटलं पुन्यांदा?"

सर्जननी फाइल उलटली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघं आधी बोलून घ्या."

बाहेरच्या बाकावर मी सगळं सांगितलं. सळईचंही सांगितलं. भाजलं असतं तर हे झालंच नसतं का, एवढं त्यानं विचारलं. सांगता येत नाही, म्हणालो. ते कुणालाच सांगता येत नाही, आणि मी रोज तिथेच येऊन थांबतो.

"तवा मी सोड सोड वरडत व्हतो, तर सोडलं न्हाईस बे," तो म्हणाला. "अन् ह्या बारीला मी काईच बोललो न्हाई, तर सोडून दिलंस."

मग त्यानं सुईच्या संमतीचा नवा कागद माझ्या हातात दिला आणि समदं वाच म्हणाला, एक वळ सुद्धा गाळायची न्हाई. मी वाचलं. उष्णतेची ओळ मी भरभर उरकली, तर त्यानं ती पुन्हा वाचायला लावली. सही कुठे करायची ते त्यानं मला विचारलं नाही. स्वतः शोधून काढलं.

सुई झाली. गाठ मेली की नाही ते पुढच्या स्कॅनला कळेल. घरी आल्यावर पट्टी काढायचं काम त्यानं माझ्यावरच टाकलं. चार डागांच्या शेजारी तांदळाएवढी नवी खूण दिसेल, हे मला ठाऊक होतं. मी खाटेच्या पायथ्याशी बसलो, तेव्हा दादानं दोन्ही पाय माझ्या हातांपासून दूर, स्वतःजवळ ओढून घेतले.